कॅम्परव्हॅनने कोकण किनाऱ्यावर जाताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईहून कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन कोकण किनाऱ्याला निघणारी मंडळी गाद्या, शेगडी, फ्रीज आणि सौरपट्टा (सोलर पॅनेल) यांची बारकाईने तयारी करतात, परंतु त्या दिवशीची तिथी कोणती, आणि म्हणून भरती किती वाजता, हे मात्र क्वचितच पाहतात. आमच्या पहिल्या तीन सहलींत जे काही बिघडले, त्यातील बहुतेक गोष्टी भरती-ओहोटीच्या वेळा न पाहिल्यामुळे बिघडल्या. गाडीचे दोष त्या मानाने थोडे होते आणि ते वाटेतल्या गॅरेजमध्ये सुटलेही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळणीवर गाडी उतरवणे. आम्ही ती केली आहे. सहाच्या सुमारास ओहोटी असल्याने किनारा मैदानासारखा रुंद आणि ओली वाळू डांबरासारखी घट्ट वाटत होती, आणि चांदण्यात समुद्रासमोर झोपण्याचा मोह आवरला नाही. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते व ती उधाणाची असते, हे आम्हाला रात्री साडेदहाला, मागची चाके रुतल्यावर कळले. कोकणातील जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. वद्य पक्षातही पौर्णिमेनंतर तसेच मोजावे. मुंबईजवळ उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडतो. दक्षिणेकडे जाताना हा फरक कमी होतो आणि भरती थोडी आधी येते, म्हणून हा हिशेब अंदाजापुरता ठेवून छापील भरती-कोष्टक पाहणे चांगले.

चाक रुतल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर दाबणे ही त्याच चुकीची पुढची पायरी होय. फिरणारे चाक स्वतःसाठी खड्डा खणते आणि गाडीचे पोट वाळूवर टेकले की ट्रॅक्टरशिवाय सुटका नसते. इंजिन बंद करून चाकांपुढची वाळू हाताने काढावी, टायरमधील हवा निम्म्यावर आणावी, चाकांखाली फळ्या किंवा नारळाच्या झावळ्या घालाव्यात, आणि पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये अगदी सावकाश, शक्यतो आलेल्या वाटेनेच बाहेर निघावे. रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, कारण मऊ टायरवर भरलेली व्हॅन वेगाने चालवणे धोक्याचे आहे. पाणी चाकांपर्यंत आले असेल तर माणसे आणि कागदपत्रे आधी बाहेर काढावीत. मुळात पुळणीवर गाडी नेऊच नये, आणि त्यामागे वाळूपेक्षाही मोठे कारण कासवांचे आहे.

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर येऊन वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. सापडलेली घरटी गावकरी व वनखाते कुंपणाच्या आत हलवतात, परंतु प्रत्येक घरटे सापडतेच असे नाही, आणि न सापडलेल्या घरट्यावरून गेलेल्या गाडीच्या वजनाने वाळू दबते. पिल्ले समुद्राची दिशा क्षितिजावरच्या उजेडावरून ओळखतात. त्यामुळे व्हॅनच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताला लावलेली हौशी दिव्यांची माळ त्यांना उलट दिशेला, म्हणजे रस्त्याकडे आणि कुत्र्यांच्या तोंडी नेऊ शकते. किनारा दिसेल अशा जागी बाहेरचे सर्व दिवे बंद असावेत, खिडक्यांना जाड पडदे असावेत आणि पिल्ले पाहताना फ्लॅश वा टॉर्च वापरू नये. उरलेले अन्न गाडीबाहेर ठेवण्याची सवयही येथे घातक ठरते, कारण त्या वासाने येणारे कुत्रे, कोल्हे आणि रानडुकरे पुढे घरट्यांपर्यंत पोहोचतात.

वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासव संरक्षण सुरू केले आणि पुढे त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. तेथे पाहुण्यांची सोय गावातील घरांतून होते. स्वतःची व्हॅन, स्वतःचे पाणी आणि ठाण्याहून नेलेले पराठे घेऊन गावाला एक रुपयाही न देता पिल्ले पाहून परतणे कायद्यात बसत असले तरी मला ते पटत नाही. एखाद्या घराच्या अंगणात रीतसर पैसे देऊन गाडी लावावी आणि जेवण त्यांच्याकडे घ्यावे. पाणी, शौचालय आणि विजेचा प्रश्नही त्यातच सुटतो. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती त्या दिवशी बाहेर येतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून एकाच रात्रीचा मुक्काम ठरवून निराश होऊ नये.

डॉल्फिन पाहताना नावाड्याला ‘आणखी जवळ घ्या’ म्हणणे टाळावे. हर्णै-मुरूड आणि तारकर्लीजवळ कुबड्या डॉल्फिन किनाऱ्यालगत दिसतात. इंजिन मंद ठेवून थांबलेल्या होडीजवळ ते अनेकदा स्वतः येतात, पाठलाग केला की खोल जातात. पहाटेचे शांत पाणी याला उत्तम.

सागरी मार्गाने जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी लागतात. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे येत असल्याने चढता-उतरताना तो घासतो, आणि ओहोटीला उतार तीव्र झाल्यावर तर घासतोच. माणसे खाली उतरवावीत, गाडी किंचित तिरकी घ्यावी आणि बोटीवरच्या खलाशाचे ऐकावे. शेवटची फेरी चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो. गावांतल्या चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या अरुंद वाटांत शिरण्यापूर्वीही एकाने पायी पुढे जाऊन वरच्या तारा पाहाव्यात. नारळाखाली गाडी का लावू नये, हे सांगायला नको.

सकाळी बॅटरी मेलेली सापडणे ही नेहमीची तक्रार आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत १२०० वॉट-अवर वीज असते आणि शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर त्यातील निम्मीच वापरावी. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज ती एका दिवसात संपवतो आणि एक हजार वॉटचा एसी अर्ध्या तासात. सुरूच्या बनात सावलीला गाडी लावली की सौरपट्टा जवळजवळ निरुपयोगी होतो, तेव्हा गारवा की वीज हे आधी ठरवावे. हिशेब बरोबर असूनही बॅटरी उतरत असेल तर फ्यूज पाहावा आणि खाऱ्या हवेने टर्मिनलवर आलेला पांढरट-हिरवा थर साफ करावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा सूचक तळाशी बसवावा. छताजवळ बसवलेला सूचक वाजेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्वतः रूपांतर केलेली गाडी असेल तर आरटीओची परवानगी नोंदणी प्रमाणपत्रावर आलेली असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याचा दावा येथेच अडतो.

पहिली लांब सहल थेट कोकणात नेण्याऐवजी एक रात्र आपल्या सोसायटीच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये काढावी. आमच्या रखवालदाराला घरात भांडण झाल्याचा संशय आला होता, तेवढे सोसावे. दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जावे. ठाणे खाडीतील रोहित पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात, ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात ते खातात, आणि होडीच्या वेळाही भरतीप्रमाणे रोज बदलतात. त्यामुळे तिथीच्या हिशेबाचा सराव तेथेच होतो.

परत आल्यावर गाडीचे केवळ अंग धुऊन भागत नाही, पोटाखालूनही गोड्या पाण्याचा फवारा मारावा. त्यानंतर थोडे चालवून ब्रेक वाळवावेत आणि गाडी गिअरमध्ये टाकून, चाकाखाली दगड लावून ठेवावी. ओला हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी केलेली आमची गाडी पुढच्या शनिवारी जागची हललीच नव्हती.