अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन स्वस्तात बांधताय? या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या केल्यात)

आमच्या रामबागेच्या घरी काकांची अ‍ॅम्बॅसेडर बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, जुनं 1489 सीसी पेट्रोल इंजिन. म्हटलं शोमध्ये थोडीच न्यायचीय, रोज इंदूरात फिरवायची, म्हणजे कमी पैशात होईल. झालं, पण दोनदा उघडावं लागलं, त्यामुळे कमी पैशाचं राहूनच गेलं.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे बोअर (पिस्टन फिरतो ते सिलेंडरचं भोक) मोजायच्या आधी पिस्टन घेणं. 40 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझचा सेट स्वस्तात मिळाला म्हणून उचलला, नंतर मोजलं तर घासलेला ब्लॉक 20 मध्येच साफ निघत होता, म्हणजे पुढे कधीतरी कामी आला असता असा एक पूर्ण रीबोअर (भोक परत कापून मोठं करणं) मी फुकट घालवला. आधी वर, मधे, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून घ्या, मग पिस्टन घ्या आणि ते पिस्टन मशीनवाल्याच्या हातात देऊनच बोअर करायला सांगा, नुसता डब्यावरचा आकडा सांगू नका. पिस्टनच्या रिंगा प्रत्येक सिलेंडरमधे सरळ बसवून फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधला गॅप बघा, या बोअरला साधारण 10-12 थाऊ हवा.

आता धुणं. मशीन शॉपवाला म्हणाला "भिया, धुल गया", आणि मी मान डोलवून ब्लॉक घरी आणला. त्याने डिझेल मारलं होतं, आणि डिझेलने होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक रेती निघत नाही, ती लोखंडाच्या रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन बसा, पांढरं फडकं बोअरमधे फिरवून काळं येणं बंद होईपर्यंत घासा, मग लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर बघता बघता गंज चढतो. ऑइलच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतूनही ब्रश घाला. वेल्च प्लगही (ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या) काढा, बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या ब्लॉकच्या जॅकेटमधून, म्हणजे पाणी फिरतं त्या पोकळीतून, आमच्याकडे घमेलंभर गाळ निघाला होता, गाडी गरम होते म्हणून रेडिएटरला उगाच शिव्या घालत होतो.

क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँक पुढे-मागे सरकू न देणारे) उलटे घालू नका, ऑइलच्या खाचा क्रँककडे. एवढंच, पण चुकलं तर क्लच दाबला की क्रँक खाल्ला जातो.

पहिल्यांदा चालू करताना मी लाडाने आयडलवर ठेवली, नवं इंजिन आहे, त्रास नको. इथेच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गेला. कॅम आणि त्यावर टेकणारे टॅपेट नवे असतील तर त्यांना मुख्यतः उडणारं तेल मिळतं, म्हणून चालू होताच 2000 ते 2500 आरपीएमवर 15-20 मिनिटं धरा, आधी कॅमला ग्रीसासारखं असेंब्ली ल्यूब फासलेलं हवं आणि तेलात झिंक पुरेसं हवं. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तयार ठेवा. नंतर गाडी बैलगाडीसारखी चालवायची हा सल्लाही ऐकू नका, रिंगा बसायला थोडा जोर लागतो, महूपर्यंत जाऊन या, वेग कमी-जास्त करत. 500 किमीला तेल बदला.

धूर येतोय? उभी राहून सुरू केल्यावर एकदाच निळा भपका आला तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), जोर दिल्यावर सतत निळा तर रिंगा. पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर गॅस्केट. कॉम्प्रेशन घ्या, कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून परत घ्या, वाढलं तर रिंगा, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गरम इंजिनला आयडलवर 15 पीएसआयच्या आसपास ऑइल प्रेशर असेल तर घाबरू नका, चालताना 50 च्या जवळ हवं.

हेड ओतीव लोखंडाचं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट त्यातच कापलेल्या. लेड या सीट वाचवायचं, पण भारतात लेडवालं पेट्रोल 2000 साली बंद झालं, त्यामुळे एक्झॉस्टच्या सीट हळूहळू खचतात आणि टॅपेट गॅप आपोआप कमी होतो. हेड खाली आहेच तर कडक सीट बसवून घ्या, मी इथे कंजूषी केली नाही, एकदा तरी. पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, जुनं रबर फुगतं.

आणि मागच्या मेन बेअरिंगकडून दोन थेंब तेल पडतंय म्हणून परत इंजिन उतरवू नका. तिथे रबरी सील मुळातच नाही, तेल आत ढकलायला नुसते आटे आहेत. काकू रांगोळी आता दाराच्या दुसऱ्या बाजूला काढते.