बोगनवेलीचे आळे मृगाआधी मोडावे

वळवाचे दोन पाऊस होऊन गेले आहेत आणि मृग तोंडावर आला आहे. ज्यांच्या कुंपणाला, फाटकाशी किंवा रोपवाटिकेत बोगनवेल आहे, त्यांनी बाकीची कामे बाजूला ठेवून या आठवड्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेले आळे मोडावे आणि खोडाभोवती मातीची भर अशी द्यावी की पाणी बुंध्यापासून बाहेर वाहून जाईल.

मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेल चाळीस अंशांच्या उन्हात महामार्गाच्या दुभाजकातही तग धरते. म्हणूनच तिच्याकडे पावसाळ्यात कोणी पाहत नाही. मी आजवर पाहिलेल्या मेलेल्या बोगनवेलींपैकी पाण्यावाचून मेलेली क्वचितच एखादी असेल. बहुतेक सर्व आषाढ-श्रावणात, बुंध्याशी साचलेल्या पाण्यात मेल्या. मातीतील हवेची जागा पाण्याने घेतली की मुळे गुदमरतात आणि त्यांवर कुजव्या बुरशीचा हल्ला होतो.

काळ्या भारी जमिनीत धोका दुप्पट असतो. तेथे दोन फुटांचा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती-शेणखत भरले, तर आजूबाजूच्या घट्ट मातीमुळे तो खड्डा रांजणासारखा भरून राहतो. अशा जमिनीत नवी लागवड फूटभर उंच गादीवरच करावी. कुंड्यांच्या खालच्या ताटल्या आजच काढाव्यात, कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि तळाचे छिद्र काडीने मोकळे करावे.

गेल्या पावसाळ्यात एका रोपवाटिकेत पिवळ्या पडलेल्या रोपांच्या रांगा पाहिल्या. पिशव्या प्लास्टिकच्या कागदावर मांडलेल्या होत्या आणि कागदाच्या खोलगट भागात पाणी होते. पाने गळताना पाहून मालकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून टॉनिकच्या महागड्या बाटल्या आणून फवारल्या होत्या. मी एक रोप उपटून मूळ चिमटीत ओढले, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत दोऱ्याएवढा गाभा राहिला आणि मातीला आंबूस वास येत होता. ज्या रोपाला अन्न घेण्यासाठी मूळच उरलेले नाही, त्याला ह्युमिक, संप्रेरक किंवा विद्राव्य खत देऊन काय साधणार? तो पैसा दोन मजूर लावून चर खणण्यात घालावा.

पावसाळ्यात पाने मलूल दिसली की पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे. आळे फोडून उताराकडे चर काढावा, कुजलेली मुळे कापावीत, शेंडे थोडे छाटावेत आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करावी, म्हणजे ते मुळांशी मातीत ओतावे. दहा लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) व 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करावा. त्यात स्वच्छ लोखंडी विळा क्षणभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर आला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ट्रायकोडर्मा (कुजव्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) द्यायचा असल्यास आळवणीनंतर किमान पंधरा दिवस थांबावे, अन्यथा तांब्यामुळे तोही मरतो.

नेहमीची कामे:
- छाट कलम: पेन्सिलीएवढी जाड, 15 ते 20 सें.मी. लांब काडी.
- कुंडीसाठी माती: दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत.
- कुंपणासाठी अंतर: 1 ते 1.5 मीटर.
- युरिया: देऊ नये; पाने माजतात, फुले येत नाहीत.

दुहेरी फुलांच्या जातींत रंगीत सहपत्रे (पाकळ्यांसारखी दिसणारी पाने) गळून पडत नाहीत. पावसात ती भिजून तपकिरी होतात व फांदीवरच सडतात. ती हाताने काढावीत. मुख्य छाटणी मात्र पाऊस उघडल्यावर करावी. दसऱ्याच्या आसपास छाटलेल्या झाडाला बहर अधिक दाट येतो, असा माझा अनुभव आहे. त्याला प्रयोगाचा आधार मी देऊ शकत नाही. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते आणि थोडा पाण्याचा ताण मिळाला की कळ्या धरते, एवढे मात्र निश्चित.

आर्द्रा नक्षत्रात प्रत्येक जोरदार पावसानंतर तासाभरात झाडाशी जाऊन पाहावे. तेव्हाही बुंध्याशी पाणी चमकत असेल, तर चर आणखी खोल करावा. आळे पुन्हा करायचे ते दिवाळीनंतर, माती दोन पेरे खोल कोरडी लागू लागल्यावरच.