पॉइंट बत्तीस म्हणजे नेमकं कुठलं? सोलापुरातून पिस्तूल नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात हॉलवर एक नवा पोरगा आला. अकरावीचा, होटगी रोडकडचा. पिस्तूल अजून हातात धरलेलं नाही, आणि पहिला प्रश्न काय, तर "दादा, नाइन एमएम भारी का फॉर्टी फाइव्ह?" मोबाइलवरच्या गेममुळे या पोरांना काडतुसांची नावं पाढ्यांसारखी पाठ असतात. मी हसलो नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं, आणि तेव्हा सगळा हॉल हसला होता. "काय बे, चोर पकडायला जायचंय का?" असं एक जण म्हणाला, ते अजून टोचतं.

नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, हे पहिल्या दिवशी शिकवतातच. ते परत सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या जाडीच्या, नादाबद्दल, कारण त्या नादानं माझी दोन वर्षं आणि अण्णांनी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज खाल्लं.

आमचे अण्णा यंत्रमागावर. गड्डा यात्रेत फुगे फोडायची बंदूक, एवढाच आमच्या घराचा बंदुकीशी संबंध. मी रात्र रात्र अमेरिकन व्हिडिओ बघायचो. त्यातली गोष्ट खरंच रंगतदार आहे, खोटं कशाला बोलू. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला लागलेली नाइन एमएमची गोळी हृदयापर्यंत पोचायच्या आधीच थांबली होती. खापर काडतुसावर फुटलं. मग दहा एमएम आलं. त्याचा झटका इतका की बऱ्याच जणांना ते आवरेना, म्हणून त्यात दारू कमी भरायला लागले. दारू कमी म्हणजे केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी टरफलात, जागा रिकामी. मग केसच आखूड केली तर? त्यातून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन निघालं. पुढची पंधरा-वीस वर्षं अमेरिकन पोलिसांत त्याचीच चलती होती. दरम्यान नाइन एमएमच्या गोळ्या सुधारल्या. २०१४ च्या सुमारास एफबीआयनं हिशेब मांडला, की नाइनचा झटका कमी, मॅगझिनमध्ये राउंड जास्त, आणि एजंट त्यानं लवकर व नेमका नेम साधतात. झालं, गाडी परत नाइनवर. १९०२ चं काडतूस फिरून पुन्हा पहिल्या नंबरवर. फॉर्टी फाइव्हवाले मात्र तेव्हाही भांडत होते, आजही भांडतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि दहा मीटरवर माझा स्कोअर? सहाशेपैकी ५०० सुद्धा नाही.

आता आपल्याकडचं बघा. नाइन एमएम आणि .३८ हे आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर (नळीचं माप). सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणजे ज्या वादात आपण रात्र घालवतो, त्यातलं निम्मं सामान आपल्याला घेताच येत नाही. भारतात पॉइंट बत्तीस एवढं चालतं ते ते श्रेष्ठ आहे म्हणून नाही, ते परवान्यात बसतं म्हणून. आवडनिवड इथे कायदा ठरवतो, आणि त्यानंतर काडतुसं कुठली मिळतात ते.

इथेच मी अडकलो. हा भाग नीट वाचा, दोनदा वाचा.

"पॉइंट बत्तीस" हे एका काडतुसाचं नाव नाही. निदान तीन वेगळ्या वस्तूंना आपल्याकडे लोक बत्तीसच म्हणतात. पहिलं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग. १८९९ चं, केस साधारण १७ मिलिमीटर. आपल्या आयुध निर्माणीचं खिशातलं पिस्तूल, ते 'अशनी', याच काडतुसावर चालतं. दुसरं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. १८९६ चं, केस २३ मिलिमीटरच्या वर, बुडाला ठळक कड, गोळीचं तोंड गोल. हे रिव्हॉल्व्हरचं. तिसरं तेच लाँग, पण वॅडकटर. यात गोळीचं तोंड सपाट असतं आणि ती केसच्या काठाबरोबर आत बसवलेली असते. बाहेर काही डोकावतच नाही, बघितलं तर वाटतं गोळी भरायची राहिलीय. सपाट तोंडामुळे ती कागदाला फाडत नाही, पंच मशिनसारखं गोल भोक पाडते. सेंटर फायरच्या, म्हणजे मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या पंचवीस मीटरवरच्या, मॅचला हे तिसरं लागतं. मॅच पिस्तुलाच्या मॅगझिनची लांबी त्याच मापाची असते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरचं गोल तोंडाचं काडतूस त्यात बसतसुद्धा नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मायामीत कुठली गोळी किती आत गेली ते माहीत होतं.

परवाना हातात पडला. त्यावर लिहिलेलं, .३२ बोअर पिस्तूल. मी दुकानात जाऊन म्हणालो, "बत्तीसचं पिस्तूल द्या." त्यांनी दिलं. दुकानदाराची चूक शून्य, मी मागितलं ते मिळालं. नियमपुस्तकात सेंटर फायरला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं, आपलं ७.६५, म्हणजे बसलं की! मित्राच्या गाडीतून पुण्याला गेलो. रेंजवर एका सीनियर नेमबाजाला विचारलं, बत्तीसची गोळी इथे कुठली वापरता. त्यानं स्वतःचं वॅडकटर माझ्या एसीपीशेजारी टेबलावर उभं केलं. काही बोलला नाही. लहान पोराशेजारी बाप उभा राहावा तशी ती दोन काडतुसं. मला आधी वाटलं त्याचंच काहीतरी चुकलंय.

तरी पंचवीस मीटरवर मारून बघितलं. नेम धरायची साइट पक्की, म्हणजे हलवायची सोय नाही. ट्रिगर जड आणि खरखरीत. नळी आखूड. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पडला कडक भाकरीएवढा. दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं, सांगायला नको. ते पिस्तूल वाईट नाही, ते त्या कामाचंच नाही. आणि परवान्यावरचं हत्यार चपलेसारखं बदलून मिळत नाही. विकायचं तर गिऱ्हाईकही परवान्यावालाच शोधायचा, आणि परत कागदपत्रं. अण्णांना मी सहा महिने सांगितलंच नाही. दुकानात जाताना बोअरचा आकडा नाही, काडतुसाचं पूर्ण नाव लिहून न्या. कुणी "एसीपी काय, लाँग काय, बसतंय की" म्हणालं तर तिथून उठा. रिव्हॉल्व्हरमध्ये कधी कधी खरंच बसतं, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

बरं, घाबरून जाऊ नका. तुम्हाला पहिली दोन-तीन वर्षं यातलं काहीही लागत नाही. दहा मीटर एअर पिस्तूल .१७७ चं, त्याला परवाना नको. साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. तिथे जो शिकला तो पुढे कुठल्याही बोअरवर शिकतो. फक्त तिथेही कॅलिबरचा किडा असतोच, हां. छर्रा ४.४९ चा घ्यावा का ४.५० चा, यावर आमच्या हॉलवर चहाचे किती कप संपले असतील! ज्याचा ट्रिगर दर तिसऱ्या शॉटला झटकतो, त्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं काय फरक पडणार?

नेमबाजीतही फॅशन बदलते, पण कारणानं बदलते. पूर्वी सेंटर फायरला .३८ वॅडकटरवाले बरेच असायचे. भोक मोठं, वरच्या गुणाच्या रेषेला शिवायची शक्यता जास्त. पण बत्तीसशी तुलना केली तर एका बाजूला फायदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आणि सेंटर फायरच्याच रॅपिड टप्प्यात टार्गेट तीन सेकंद दिसतं, त्यात हात खालून वर आणून एक शॉट, असे पाच. तिथे दमलेल्या मनगटाला बत्तीसचा हलका झटका बरा वाटला, आणि बहुतेक सगळे बत्तीसवर आले. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये सहाशेपैकी ५९० मारून सुवर्ण घेतलं ते याच सेंटर फायरमध्ये. उलट ऑलिंपिक रॅपिड फायर या वेगळ्या स्पर्धेत पूर्वी .२२ शॉर्ट काडतूस चालायचं, झटका जवळजवळ नाहीच. २००५ पासून नियमानं ते बंद करून .२२ लाँग रायफल नावाचं काडतूस आणलं. सगळ्यांची पिस्तुलं एका रात्रीत जुनी. विजय कुमार यांचं २०१२ चं लंडनचं रौप्य त्यानंतरचं आहे.

सरांबद्दल एक बोलतो, राग आला तर येऊ दे. जे सर पहिल्याच महिन्यात "इंपोर्टेड घे, माझ्याकडून मिळेल" म्हणतात, त्यांच्याकडे शिकू नका. मला ज्यांनी खरं शिकवलं ते दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली तीन "परत कर" अशी. घरी पांढऱ्या भिंतीसमोर रिकाम्या एअर पिस्तुलानं ड्राय फायरिंग, रोज अर्धा तास. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला ग्रिप घामानं निसटते, कागद हलतो म्हणून हॉलवर पंखाही लावत नाहीत. सकाळी साडेसहाला या, दुपारी येऊन रडू नका. ग्रिपवर लेसर लावून शिकायचा शॉर्टकट पण करू नका, डोळा लाल ठिपक्यामागे धावतो आणि फ्रंट साइट विसरतो.

पंचवीस मीटरसाठी मात्र पुण्याला, बालेवाडीला जावंच लागतं, त्याला इलाज नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघायचं, रात्री परत, डब्यात भाकरी आणि शेंगा चटणी. आधी कुणाच्या तरी .२२ वर मारा, क्लबचं असेल तर उत्तमच. राहीताई सरनोबत कोल्हापूरच्या, त्यांचं २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलावरचं. त्यांना कुणी विचारलं नसेल, नाइन भारी का फॉर्टी फाइव्ह.

त्या पोराला मी क्लबचं एअर पिस्तूल दिलं आणि टार्गेट न लावता भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वीस मिनिटांत हात थरथरायला लागला. जाताना म्हणाला, "दादा, हे तर फुग्याच्या बंदुकीसारखंच आहे, पण जड." दुसऱ्या दिवशी परत आला. माझं एसीपी अजून कपाटात कुलपात आहे. परवान्याचं नूतनीकरण पुढच्या वर्षी, आणि गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही.