मिरची कांडपासाठी ग्रामपंचायतीचा ठराव कसा मिळवला

मला घरामागच्या शेडमध्ये मिरची कांडप सुरू करायचं होतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान कर्जाला जोडून मिळतं. कृषी विभागाने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीने प्रस्ताव नीट बसवून दिला. पण बँकेने ग्रामपंचायतीचं ना हरकत मागितलं आणि तिथे घोडं अडलं. "पुढच्या मीटिंगला बघू" असं ऐकत तीन महिने गेले.

माझी चूक म्हणजे सगळं तोंडी चाललं होतं. मग लेखी अर्ज दिला, शिक्क्याची पोहोच घेतली. घरपट्टी-पाणीपट्टी भरून येणे बाकी नसल्याचा दाखला आणि नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढला. हे दोन्ही दाखले लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये येतात, त्यामुळे मुदतीत मिळाले.

खरी अडचण शेजारच्या काकूंची होती. त्यांना दमा आहे, मिरचीचा ठसका सोसत नाही. कागद बाजूला ठेवून आधी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बाजूची खिडकी विटांनी बुजवायची, धूळ ओढणारा पंखा विरुद्ध दिशेला बसवायचा, संध्याकाळी सहानंतर यंत्र बंद, असं ठरलं. या अटी मीच अर्जात लिहून दिल्या. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

मासिक सभेत विषय आला, काकूंनी हरकत मागे घेतली आणि ना हरकतीचा ठराव झाला. तुम्हीही नुसत्या ना हरकत दाखल्यावर थांबू नका, ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागा. बँकेने माझ्याकडे तीच मागितली.