फेस बसल्यावर बरणीत काय उरतं?

सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ बहुतेक मुलांनी केलेला असतो. फेस उसळतो, टाळ्या होतात आणि भांडं लगेच धुवायला जातं. मला तिथेच चुटपुट लागते, कारण खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

लिटरभराची उंच बरणी घ्या. तळाशी चमचाभर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम खाण्याचा सोडा टाका. 5 टक्क्यांचं व्हिनेगर 70 मिलिलिटर मोजा आणि ओतायचं काम मुलांनाच द्या. थोडं थोडं, थांबत थांबत. हे माप उगाच नाही. एवढा सोडा संपायला एवढं आम्ल लागतंच. कमी पडलं तर तळाशी पांढरा सोडा तसाच राहतो.

आता बरणीला हात लावून बघू द्या. माझ्या मुलीने पटकन विचारलं होतं, “आई, व्हिनेगर फ्रिजमधलं होतं का गं?” नव्हतं. ही अभिक्रिया भोवतालची उष्णता ओढून घेते, म्हणून बरणी गार लागते. तिचा प्रश्न इतका रास्त होता, की तेव्हापासून व्हिनेगर मी आधी तिच्या हातात देते.

सोडियम बायकार्बोनेट आणि ॲसेटिक आम्ल यांपासून सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चमचाभर सोड्यातून सव्वा लिटरहून जास्त वायू सुटतो! तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे बरणीत बसून राहतो. फुंकर मात्र मारू नका. झाकण तर कधीच लावायचं नाही, दाबाने बरणी फुटू शकते. आणि सोड्याऐवजी ब्लीच चुकूनही नको, व्हिनेगरबरोबर त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

खोलगट काचेच्या वाडग्यात बुटकी मेणबत्ती ठेवा. पेटवायचं काम मोठ्यांचं. मुलांचे केस बांधलेले असू देत. मग बरणी वाडग्यावर तिरकी करा, जणू पाणी ओततोय, पण द्रव काठाशी येण्याआधी थांबा. काहीच पडताना दिसत नाही. ज्योत आखडते, वातीपासून सुटते, विझते.

मेणबत्ती लगेच उचलू नका. विझलेल्या वातीचा धूर वाडग्यात पातळ थर धरून तरंगतो; न दिसणाऱ्या वायूची पातळी तिथे डोळ्यांना दिसते. पेटती काडी हळूच खाली न्या. वातीपर्यंत पोचायच्या आतच, त्या थराशी, ती विझते.