मुलांना व्हिडिओ कॉल करण्याआधी: नव्या शिक्षकांसाठी थोडं अनुभवाचं

शाळेत नवीन रुजू झालं की प्रार्थनेची वेळ, टाचणवही, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा हे सगळं पहिल्याच दिवशी कळतं. विद्यार्थ्यांशी व्हिडिओ कॉलवर कधी आणि कसं बोलायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग एखाद्या रात्री साडेनऊला दहावीतल्या मुलीचा व्हॉट्सॲपवर कॉल येतो, "बाई, प्रमेय अडलंय," आणि उचलावा की नाही तेच सुचत नाही. हे आधीच ठरलेलं असावं म्हणून लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, आठवी ते दहावीला गणित शिकवते. जून 2020 मध्ये 'शाळा बंद, शिक्षण सुरू' झालं तेव्हा आम्हाला कुणालाच यातलं काही येत नव्हतं. जुलैमध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या: पूर्वप्राथमिकला दिवसाला तीस मिनिटांपेक्षा जास्त नको, पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका, नववी ते बारावीला चार. वेळेचं गणित आम्ही लगेच पाळलं. पण कॅमेऱ्याचं काय करायचं, हे आम्ही आमच्या बुद्धीने ठरवलं आणि तिथे चुकलो. कॅमेरा चालू असेल तरच हजेरी, असा नियम केला.

नववीतला एक मुलगा रोज कॅमेरा बंद ठेवायचा. उत्तरं बरोबर द्यायचा, पण चेहरा नाही. एक दिवस मी सगळ्या वर्गासमोर त्याचं नाव तीनदा घेतलं. चौथ्यांदा घ्यायच्या आत त्याने कॅमेरा लावला. एकच खोली होती. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. मागे रात्रपाळी करून आलेले वडील जमिनीवर उघड्या अंगाने झोपलेले, वर दोरीवर ओले कपडे. कुणीतरी हसलं. दुपारपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट मुलांच्या ग्रुपवर फिरत होता. आठ दिवस तो मुलगा तासाला आला नाही.

शेवटी मी मास्क लावून त्याच्या घरी गेले. वडिलांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही घरी येणार म्हटल्यावर आम्ही आधी सतरंजी टाकतो. त्या दिवशी तुम्ही न सांगताच आत आलात."

घरभेटीला गेल्यावर आपण उंबऱ्याबाहेरून हाक मारतो, कोण आहे घरात बघतो, या म्हटल्यावर आत जातो. मुलीच्या घरी गेलो तर आईला समोर बसवूनच बोलतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. व्हिडिओ कॉल ही घरभेटच आहे, फक्त त्यात उंबरा दिसत नाही. म्हणून तो कागदावर आखावा लागतो.

त्या प्रकारानंतर आमच्या मोठ्या बाईंनी पालक-शिक्षक संघाची बैठक घेतली आणि एक पानाचा नियम तयार केला. पहिली ओळ कॅमेऱ्याची: मुलाने आवाजाने किंवा चॅटमध्ये उत्तर दिलं की हजेरी लागली. चेहरा दाखवायचा की नाही हे त्याच्या घरचे ठरवतील. शिक्षकाचा कॅमेरा मात्र चालूच, मागे साधी भिंत आणि अंगावर शाळेत घालतो तेच कपडे.

दुसरी गोष्ट एकट्या मुलाशी बोलण्याची. नव्या शिक्षकांना इथेच जास्त वाईट वाटतं. "म्हणजे आमच्यावर संशय आहे का?" असं एका तरुण सरांनी बैठकीतच विचारलं होतं. संशय नाही. वर्गात एकच विद्यार्थी थांबला असेल तर आपण दार उघडं ठेवतो, त्यातलंच हे. शंका विचारायच्या असतील तर दोन-तीन मुलं एकत्र जोडायची. एकट्यालाच हवं असेल तर घरातलं मोठं माणूस त्याच खोलीत असावं, किंवा आपला एखादा सहकारी लिंकवर असावा. कॉल शाळेच्या खात्यावरून, लिंक पालकांच्या ग्रुपवर आधी टाकलेली, आणि संध्याकाळी सातनंतर नाही. ही सातची वेळ आमच्या शाळेची. तुमच्याकडे पालक शेतातून किंवा कामावरून किती वाजता येतात ते बघून ठरवा, कारण फोन बहुतेक घरी वडिलांच्याच खिशात असतो.

स्वतःच्या नंबरवरून व्हॉट्सॲप कॉल करू नका, असं मी कळकळीने सांगते. त्याची शाळेकडे नोंद राहत नाही. उद्या कुणी काही म्हटलं तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद नसतो आणि मुलाच्या बाजूनेही नसतो. मग साडेनऊच्या त्या कॉलचं काय? उचलू नका. दुर्लक्षही करू नका. पालकांच्या ग्रुपवर लिहा: "प्रमेयाची शंका उद्या पाच वाजता सगळ्यांसाठी घेते." मी असंच केलं. दुसऱ्या दिवशी तीच शंका असलेली आणखी सहा मुलं निघाली.

तांत्रिक एकच सांगते, कारण त्याने आम्हाला पोळलंय. गूगल मीटवर आपण बाहेर पडलो की कॉल आपोआप संपत नाही, मुलं आतच राहतात. आमच्या मागे एकदा आत बराच वेळ शिवीगाळ झाली होती. बाहेर पडताना 'सर्वांसाठी कॉल बंद' हाच पर्याय निवडा.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. ते कुणाकडे राहील आणि किती दिवसांनी पुसलं जाईल, हे त्याच कागदावर असू द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागतो. बारावीची मुलं मोठी दिसतात म्हणून सूट घेऊ नका.

आता सगळ्यात जड भाग. कॉलवर कधीतरी एखादं मूल थांबून काही वेगळंच सांगतं. घरातलं, शेजारचं, कधी शाळेतलंच. तेव्हा रेकॉर्डिंग करू नका, खोदून प्रश्न विचारू नका, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर देऊच नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. शांतपणे ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, आणि मुलाचे शब्द आहेत तसे लगेच लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे, आणि सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्री-अपरात्रीही चालते. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, आहे का, तिच्यात कोण आहे, हेही रुजू झाल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवा.

इतके नियम असल्यावर शिक्षकाने कॉलच करू नये, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. परितेवाडीसारख्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले सरांनी मुलांना व्हिडिओ कॉलवरून देशोदेशीच्या वर्गांशी जोडलं, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तसं काही करायची उमेद नव्या माणसात असलीच पाहिजे.

माझ्या वर्गातली एक मुलगी मागच्या वर्षी पाय मोडून दीड महिना घरी होती. आठवड्यातून दोनदा, पाच वाजता, मी तिला भूमिती शिकवली. आई मागे भाकरी थापत असायची. एकदा तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "बाई, कोनाचं ते मघाचं परत सांगा, मलाही आत्ता कुठं कळाया लागलंय." मी परत सांगितलं. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: पाच ते पाच पंचेचाळीस, विषय समरूप त्रिकोण, हजर विद्यार्थिनी आणि आई.