रीपरमध्ये टेम्पो बदलताना आधी टाइमबेस बघा

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोर्ट पट्टीवर (प्ले, रेकॉर्डची बटणं असतात तिथे) बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा याचा, आकडा असतो. त्यात थेट टाइप करा, किंवा गाणं गुणगुणत ‘बीपीएम’ या अक्षरांवर ठेक्यात क्लिक करत राहा. रीपर लय मोजून देतो. मिळालेला आकडा जवळच्या पूर्णांकावर आणा. ७० च्या जागी १४० दिसलं, तर तुम्ही दुपटीत टॅप केलंय. शेजारच्या टाइम सिग्नेचरमध्ये (एका बारमध्ये, म्हणजे ग्रिडच्या एका घरात, किती मात्रा ते इथे ठरतं) केरव्यासाठी ४/४ घेतलं की ८ मात्रांचं आवर्तन दोन बारमध्ये बसतं. दादऱ्याला ६/४ आणि रूपकाला ७/४ घ्या, म्हणजे प्रत्येक बारची पहिली मात्रा समेवर येते.

रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एवढंच पुरतं. घोळ होतो तो रेकॉर्डिंग झाल्यावर आकडा बदलला की. ऑल्ट + एंटरने प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा आणि टाइमबेस काय आहे, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे वेळेला बांधलेत की मात्रांना, ते बघा. ‘टाइम’ असेल तर ऑडिओ जागचा हलत नाही, फक्त ग्रिड (मात्रांच्या रेघा) सरकते आणि क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) तबल्याशी जुळेनाशी होते. ‘बीट्स, पोझिशन ओन्ली’ असेल तर तुकड्यांच्या सुरुवाती नव्या मात्रांवर जातात, लांबी मात्र तीच राहते. मग लय वाढवली की तुकडे एकमेकांवर चढतात, उतरवली की मध्ये फटी पडतात. आवाजही लयीबरोबर ताणायचा किंवा आखडायचा असेल तर ‘बीट्स, पोझिशन, लेंग्थ, रेट’ निवडा. सूर बदलू नये म्हणून तुकडा निवडून एफ२ दाबा आणि ‘प्रिझर्व्ह पिच’वर खूण आहे ना ते तपासा. सुरुवातीचा मुक्त आलाप असेल, तर तिथेच त्या तुकड्याचा टाइमबेस ‘टाइम’ करून ठेवा. त्याला ताणायचं कारण नाही.

८० वरून ८४ म्हणजे ५ टक्के. एवढं बहुतेक खपून जातं. त्यापुढे सगळ्यात आधी तबला बिघडतो: चाटीचा आघात बोथट होतो, बायाची घुमक थरथरते. गायकाचा आवाज त्याहून जास्त सोसतो. १० टक्क्यांवर जायचं असेल तर तबला पुन्हा वाजवून घेणंच बरं.

गाण्याच्या मध्येच लय बदलायची असेल तर ऑल्ट + एसने स्नॅप (कर्सर ग्रिडच्या रेघेला चिकटणं) चालू करा, कर्सर समेवर ठेवा, शिफ्ट + सी दाबून टेम्पो मार्कर टाका आणि त्यात नवा बीपीएम भरा. मार्कर बारच्या मध्येच पडला तर पुढचं बारचं मोजणंच विस्कटतं. लय हळूहळू चढवायची असेल तर चढ जिथून सुरू होतो तिथल्या मार्करमध्ये ‘ग्रॅज्युअली ट्रान्झिशन टेम्पो’ला खूण करा आणि जिथे संपतो तिथे दुसरा मार्कर टाका.

क्लिकशिवाय गायलेल्या गाण्याला उलट वाट: तिथे ग्रिड गाण्याशी जुळवायची. टाइमबेस आधी ‘टाइम’ करा. एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडा आणि ॲक्शन लिस्टमधून ‘क्रिएट मेझर फ्रॉम टाइम सिलेक्शन’ चालवा. रीपर त्या आवर्तनाची लय काढतो. दर आवर्तनाला हेच करा. कंटाळवाणं आहे, पण नंतर हार्मोनियमची मिडी (कीबोर्डवरून भरलेले सूर) नेमकी बसते.

डिलेची (प्रतिध्वनीच्या इफेक्टची) वेळ मिलिसेकंदात बांधली असेल तर टेम्पो बदलल्यावर ती आपोआप बदलत नाही. ६०००० भागिले बीपीएम, म्हणजे ९० ला एका मात्रेचे ६६७ मिलिसेकंद. रीपरच्या रीडिले या डिले इफेक्टमध्ये ‘लेंग्थ म्युझिकल’ वापरलं तर हे गणित करावं लागत नाही.